तालिकोटच्या लढाईचं चित्र पुरावा म्हणून कसं वाचायचं?

प्रश्न असा आला आहे: नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासावर एक छोटी पुस्तिका तयार होते आहे. तिच्यात तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाचा शिरच्छेद दाखवणारं निजामशाही चित्र छापायचं आहे. चित्र लढाईनंतर चार-पाच वर्षांच्या आतलं मानतात. मग ते डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष म्हणून वापरता येईल का, आणि एकूणच जुन्या सचित्र तवारिखा, म्हणजे इतिहासग्रंथ, वाचायच्या कशा?

माझं आयुष्य सचित्र हस्तलिखितांची सूची आणि जतन करण्यात गेलं. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी सरळ उत्तर देते. लढाईच्या दिवशी काय घडलं याचा पुरावा म्हणून हे चित्र कच्चं आहे. लढाईनंतर नगरच्या दरबाराला स्वतःबद्दल काय सांगायचं होतं, याचा मात्र त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा मिळणार नाही. इतिहास लिहिणाऱ्याला दुसरी गोष्टही पहिलीइतकीच हवी असते.

हे चित्र ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या हस्तलिखितातलं आहे. आफताबी नावाच्या कवीने फारसीत रचलेलं हे काव्य. त्याचा नायक पहिला हुसेन निजामशाह, राज्यकाळ १५५३ ते १५६५. काव्यात त्याच्या दरबाराचं, लग्नाचं, राणीच्या रूपाचं वर्णन आहे, आणि पुढे विजयनगरवरच्या विजयाचं. आज त्यातली बारा चित्रं उरली आहेत. मूळची चौदा असावीत. दख्खनच्या चित्रकलेतलं हे सर्वांत आधीच्या कामांपैकी एक, आणि ते पुण्यात आहे, भारत इतिहास संशोधक मंडळात. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली उभ्या केलेल्या या संस्थेनेच कुलकर्णी आणि माटे यांनी संपादित केलेली या काव्याची आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध केली. तुमच्या पुस्तिकेतलं चित्र कुठल्या तरी परदेशी पुस्तकाच्या पानावरून उचलण्याआधी ही आवृत्ती हाताखाली घ्या. चित्र ज्या मजकुरासाठी काढलं, तो मजकूर न वाचता चित्रावर बोलणं म्हणजे मधूनच ऐकलेल्या भांडणात निवाडा देणं.

आता तारखा शेजारी शेजारी मांडून पाहू. लढाई झाली २३ जानेवारी १५६५ रोजी. हुसेन निजामशाह त्याच वर्षी जूनमध्ये वारला. म्हणजे विजयानंतर तो सहा महिनेही जगला नाही. गादीवर मुलगा मुर्तजा आला, पण तो लहान होता. कारभार त्याच्या आईच्या, खुंझा हुमायूनच्या हाती गेला. १५६९ साली मुर्तजाने सरदारांच्या मदतीने आईला कैदेत टाकलं आणि सत्ता घेतली. आफताबीच्या काव्यात राणीला जे स्थान आहे ते पाहता, हस्तलिखित १५६५ ते १५६९ या चार वर्षांत, तिच्या कारभारात पुरं झालं असावं हे अनुमान मला सर्वांत पटतं. तेव्हा चित्रकारापुढे हुसेनशाह हयात होता की नव्हता, यापेक्षा पैसा आणि कागद कोणाच्या हुकमाने मिळत होता हे विचारायला हवं.

ते कोणाच्या हुकमाने मिळत होतं, हे चित्रंच सांगतात. दरबाराच्या चित्रांमध्ये राणी राजाशेजारी सिंहासनावर बसलेली होती. ‘होती’ म्हणते, कारण बहुतेक चित्रांतून तिची आकृती नंतर पुसून, रंग फासून नाहीशी केली आहे. राजा तसाच आहे, सेवक तसेच आहेत, सिंहासनाची नक्षीही जागच्या जागी आहे. शेजारी मात्र एक गढूळ डाग उरला आहे, आणि त्या डागाला बाईच्या आकृतीची कड आहे. फारसी आणि इस्लामी दरबारी चित्रांत सुलतानाने राणीला असं जवळ घेऊन सिंहासनावर बसणं हे अगदी विरळ. म्हणून ती चित्रं काढवणारी व्यक्ती किती आत्मविश्वासाने स्वतःला राज्याच्या मध्यावर पाहत होती ते कळतं. आणि तिचा पाडाव झाल्यावर तिची आकृती पुसण्याची गरज कुणाला तरी वाटली, हेही कळतं. पुसणारा हात कोणाचा, याची कुठे नोंद नाही. १५६९ नंतरचा असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही तसंच वाटतं.

मला या हस्तलिखितातलं सर्वांत मोलाचं ऐतिहासिक साधन विचारलं तर मी शिरच्छेदाच्या चित्राकडे बोट दाखवणार नाही, त्या डागांकडे दाखवेन. चांदबीबीबद्दल आपण शाळेत शिकतो. तिच्या आईने चार वर्षं राज्य चालवलं हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. चांदबीबी याच खुंझा हुमायूनची मुलगी. तुमची पुस्तिका नगर जिल्ह्याची आहे, तर या बाईला तिच्यात जागा द्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता शिरच्छेदाकडे येऊ. लढाईला चार सुलतान एकत्र आले होते: अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर. ही जूट सोयरिकीने बांधली गेली. चांदबीबी अली आदिलशाहला दिली, सोबत सोलापूरचा किल्ला. आणि आदिलशाहची बहीण मुर्तजाला केली. पण आफताबीच्या काव्यात नायक एकच आहे. बाकीचे सुलतान त्याच्या तेजात फिके पडतात, कारण काव्याचं कामच ते होतं. ‘तारीफ’ म्हटल्यावर तारीफच होणार. या चित्रातला रामराय हा नगरच्या सुलतानाच्या विजयाची खूण म्हणून तिथे आहे.

हेच विजापूरच्या बाजूने पाहिलं तर सूर वेगळा लागतो. आधी नगरला मुर्तजाकडे आणि नंतर विजापूरला चाकरी केलेला फिरिश्ता हा इतिहासकार लढाईनंतर सुमारे चार दशकांनी लिहितो. त्याच्या सांगण्याप्रमाणे, रामरायाचा मुलगा वारला तेव्हा अली आदिलशाह सांत्वनाला स्वतः विजयनगरला गेला होता आणि रामरायाच्या पत्नीने त्याला मुलगा मानलं होतं. रामराय पालखीत असताना निजामशाही फौजेतल्या हत्तीच्या तडाख्यात सापडला, पकडला गेला आणि हुसेनपुढे नेल्यावर त्याचं डोकं उडवलं, असंही तो सांगतो. शिरच्छेद झाला यावर कोणाचं दुमत नाही. तो किती घाईने झाला, का झाला, आणि मित्रपक्षाला तो हवा होता का, हा वादाचा भाग आहे, आणि तिथे आपलं चित्र एका पक्षाची बाजू मांडतं. पुस्तिकेत चित्राशेजारी फिरिश्त्याच्या कथनाचा सारांश दिलात तर वाचणाऱ्याला दोन्ही आवाज ऐकू येतील.

कपडे, हत्यारं, हत्तीच्या झुली, घोड्यांचे साज यांचं काय? इथे चित्र खरोखर उपयोगी पडतं, फक्त एक पथ्य सांभाळायचं. चित्रकार आपल्या डोळ्यांसमोरचं जग काढतो, मग कथा कुठल्याही काळातली असो. याचं मला आवडणारं उदाहरण इराणमधलं आहे. मंगोल इलखानांचा वजीर रशीदुद्दीन याने तब्रीझजवळ एक मोठी वसाहत उभारली होती आणि तिथे ‘जामी अल-तवारीख’ या जगाच्या इतिहासाच्या सचित्र प्रती तयार व्हायच्या. दर वर्षी एक अरबी आणि एक फारसी प्रत करावी अशी त्याची तजवीज होती. १३१४ च्या सुमाराच्या अरबी प्रतीचा एक भाग आज एडिनबरा विद्यापीठात आहे. त्यात गझनीच्या महमूदाने झरंजच्या किल्ल्याला घातलेला वेढा आहे. घटना १००३ सालची. पण शिपायांच्या अंगावर मंगोल चिलखतं आहेत, आणि वेढ्यात दगड फेकणारं जे यंत्र दाखवलंय ते चित्रकाराच्या काळातलं आहे. महमूदाच्या फौजेचा पोशाख म्हणून हे चित्र छापणं साफ चूक. मंगोल काळातलं वेढ्याचं यंत्र कसं दिसायचं हे शोधणाऱ्याला मात्र ते सोन्यासारखं आहे. अकबराच्या दरबारात १५८२ नंतर महाभारताचा फारसी अनुवाद ‘रझ्मनामा’ झाला आणि चित्रित झाला, त्यातही पांडव-कौरवांच्या अंगावर मोगली जामे दिसतात.

तारीफमध्ये घटना आणि चित्र यांच्यात चार-पाच वर्षांचंच अंतर असल्याने पोशाखाचा हा धोका जवळजवळ उरत नाही. राजा आणि सरदार यांचे कपडे, बायकांच्या चोळ्या, ओढण्या, दागिने हे सोळाव्या शतकातल्या दख्खनबद्दल काही शिकवून जातात. पण शैलीही पाहायला हवी. क्षितिज वर चढवलेलं, आकाश सोन्याचं, टेकड्यांची ठेवण फारसी. बायका मात्र उंच, सडपातळ, आणि त्यांची धाटणी मोगलांच्या आधीच्या हिंदुस्थानी चित्रपरंपरेची. एका चित्रात तर बाई झाडाला हात लावून उभी आहे आणि झाड फुललं आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष फुलतो हा दोहदाचा संकेत. सांचीच्या तोरणावरच्या शालभंजिकेपासून तो आपल्या ओळखीचा आहे. नगरच्या शिया सुलतानासाठी लिहिलेल्या फारसी काव्यात तो किती सहज येऊन बसला आहे! दख्खन म्हणजे काय हे समजावून सांगायला मी कित्येकदा हेच एक चित्र दाखवते. तेव्हा बाईचा पेहराव पाहून ‘नगरच्या बायका अशाच नेसायच्या’ असं लगेच लिहू नका. चित्रकार कुठून आला होता आणि कोणता साचा हातात घेऊन आला होता, हाही त्यात मिसळलेला असतो.

साच्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण चित्रशाळेचं काम कसं चालायचं हे कळलं की बरेच गैरसमज आपोआप मिटतात. याची सर्वांत चांगली माहिती अकबराच्या चित्रशाळेबद्दल मिळते. ‘अकबरनाम्या’ची एक प्रत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, १८९६ साली घेतलेली, ११६ चित्रांची. तिच्यात १५६० ते १५७७ या वर्षांतल्या घटना आहेत. चित्रांखाली तांबड्या शाईत कारकुनाने नोंद केली आहे: आखणी कोणाची, रंगकाम कोणाचं, आणि काही ठिकाणी चेहरे कोणाचे. आखणीसाठी ‘तरह’, रंगकामासाठी ‘अमल’ आणि चेहऱ्यांसाठी ‘चेहरा-नामी’ असे शब्द येतात. बसावन, मिस्कीना, केसू असे कसलेले लोक आखणी करायचे आणि धाकटे रंग भरायचे. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल लिहितो की दारोगे आणि कारकून दर आठवड्याला काम बादशाहपुढे ठेवत. म्हणजे प्रत्येक पानावर तीन-चार हात, वर देखरेख, आणि सर्वांत वर ज्याचा इतिहास लिहिला जातोय तोच परीक्षक.

त्यातला चितोडच्या वेढ्यातला सुरुंगस्फोट पाहा. डिसेंबर १५६७ मध्ये दोन सुरुंग लावले होते. पहिला उडाला, मोगल शिपाई खिंडाराकडे धावले आणि त्याच वेळी दुसरा उडाला. हल्ला करणाऱ्यांपैकीच सुमारे दोनशे माणसं मेली. मिस्कीनाने आखलेल्या या दुपानी चित्रात माणसं आणि दगड हवेत उडालेले आहेत, खाली झाकलेल्या वाटेने तोफांचा आणि बेलदारांचा राबता चालू आहे. घटना वीस-एक वर्षं जुनी, पण ती झाकलेली वाट, ‘साबात’, कशी बांधायचे हे पाहिलेली माणसं दरबारात होती. अपयशाचा हा प्रसंगही चित्रित झाला, कारण शेवटी किल्ला पडला आणि बादशाहच्या कथेत अडचणी मोठ्या असणं चालत होतं. दुसऱ्या चित्रात केसूने अकबराच्या बंदुकीने किल्ला लढवणारा रजपूत सेनानी जयमल टिपला जाताना दाखवला आहे. एका चित्रात युद्धतंत्राची बारीक माहिती, दुसऱ्यात नायकाचा अचूक नेम. दोन्ही एकाच चित्रशाळेतून आलेली, आणि दोन्हींवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही. चित्रागणिक, कधीकधी चित्रातल्या कोपऱ्यागणिक वेगळा विचार करावा लागतो. मध्यावर दरबाराला हवी ती गोष्ट असते. कडेला, जिथे पाणके, माहूत, तंबू ठोकणारे, बैल हाकणारे असतात, तिथे चित्रकार मोकळा असतो. रोजच्या जगण्याचा पुरावा मी नेहमी कडेला शोधते.

‘डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष’ असं तुम्ही विचारलंत म्हणून जपानकडे वळते. तिथे एक चित्रपट्ट खरोखरच लढलेल्या माणसाने करवून घेतला आहे. ताकेझाकी सुएनागा हा हिगो प्रांतातला साधा सामुराई. १२७४ आणि १२८१ या दोन्ही मंगोल स्वाऱ्यांत तो लढला. पहिल्या स्वारीनंतर बक्षीस मिळालं नाही म्हणून तो स्वतः कामाकुराला, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सरकारच्या ठाण्याला गेला, आदाची यासुमोरी या बड्या अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणं मांडलं आणि जमिनीचा हक्क घेऊन परत आला. १२९३ च्या सुमारास त्याने ही सगळी हकिकत चित्रांत उतरवून घेतली. घोडा बाण लागून रक्तबंबाळ, शेजारी फुटणारा स्फोटक गोळा, आणि मधे तो स्वतः. पण त्यातही हेतू आहेच. पट्ट तयार झाला तेव्हा यासुमोरी राजकीय कटात मारला जाऊन काही वर्षं लोटली होती. त्याच्या उपकाराची आठवण आणि स्वतःच्या शौर्याचा दाखला या दोन्हींसाठी सुएनागाने हा खटाटोप केला, असं चित्रांच्या निवडीवरून दिसतं. शिवाय पट्टाचे तुकडे झाले, क्रम बदलला, आणि नंतरच्या हातांनी भर घातली. गोळ्यासमोरचे तीन मंगोल शिपाई मागाहून काढले गेले असं अनेक अभ्यासक मानतात. असे गोळे होते हे मात्र नागासाकी प्रांतातल्या ताकाशिमा बेटालगत समुद्रतळावर ते सापडले तेव्हा पक्कं झालं. साक्षीदाराने स्वतः करवलेलं चित्रही जमिनीतल्या, पाण्यातल्या वस्तूंशी ताडून पाहावं लागतं, ते यासाठी.

मग बसून प्रत्यक्ष कसं वाचायचं? माझी सवय सांगते. मी आधी चित्र पाहत नाही, पान पाहते. मजकुराची चौकट चित्राच्या वर आहे, खाली आहे की मधे? बहुधा चौकटीतली ओळ किंवा तिच्या लगतची ओळ हीच चित्रकाराने उचललेली असते, आणि एवढ्या मोठ्या प्रसंगातून त्याने नेमकी तीच का उचलली, हा पहिला प्रश्न. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. तो पुढच्या पानाशी जुळतो का ते पाहायचं, म्हणजे पान मधून गळलंय का ते कळतं. समास कापलाय का ते पाहायचं. नव्याने बांधणी करताना कारकुनांच्या नोंदी अनेकदा कातरीखाली गेल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर चित्रकारांची नावंही.

त्यानंतर रंग. इथे छापील पुस्तकावरून अर्थ लावणारे हमखास फसतात. पाणी दाखवायला चांदी वापरत. चांदी काळी पडते, आणि मग नदी डांबरी रस्त्यासारखी दिसते. शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकामुळे करडा किंवा काळा होतो, आणि चेहरे काळवंडलेले दिसतात. त्यावरून माणसाच्या वर्णाबद्दल, वंशाबद्दल लिहिलेलं मी वाचलं आहे आणि मला त्याचा फार त्रास होतो. तांब्याचा हिरवा रंग, जंगाल, कागद खातो. हिरव्या झाडांच्या जागी भोकं दिसली तर कोणी मुद्दाम फाडलं असं समजू नका. उलट चेहऱ्यावर ओल्या बोटाने घासल्याची खूण असेल तर ती मुद्दामची. बाजूने तिरपा प्रकाश टाकला की रंगाचे थर उंचसखल दिसतात, आणि मागाहून फासलेला रंग मूळच्या घोटलेल्या पृष्ठभागावर वेगळा उठून येतो. तारीफमधल्या राणीच्या डागांसारख्या जागा वाचायला हीच रीत उपयोगी. पुस्तकातला फोटो समोरून, सपाट प्रकाशात घेतलेला असतो; त्यात यातलं काहीच दिसत नाही.

इतिहास आणि दंतकथा यांची सरमिसळ झाली तर काय, असाही प्रश्न मागोमाग येतोच. मला वाटतं आपण ती सीमा आजच्या डोळ्यांनी आखतो. अकबराने तरुणपणी सर्वांत मोठं काम काढलं ते इतिहासाचं नव्हे, ‘हमजानाम्या’चं. अमीर हमजाच्या अचाट कथा, सुमारे चौदाशे चित्रं, सुती कापडावर, प्रत्येक चित्र दोन फुटांहून उंच, आणि पूर्ण व्हायला पंधरा-एक वर्षं. मीर सय्यद अली आणि अब्दुस समद या इराणहून आलेल्या उस्तादांनी हे काम सांभाळलं. मजकूर चित्राच्या पाठीमागे, म्हणजे चित्र समोर धरून कथा सांगता यावी. दरबारात दरबार खान नावाचा कथेकरी होता आणि अकबर त्याच्याकडून हमजाच्या कथा ऐके. याच कामात ज्यांचे हात तयार झाले, तेच पुढे ‘अकबरनाम्या’वर बसले. म्हणून इतिहासाच्या चित्रांतही हत्तींच्या झुंजी, बुरुजावरून पडणारी माणसं, पाण्यात गटांगळ्या खाणारी माणसं यांची मांडणी कथेतली आहे. बसावनने आखलेलं, चवताळलेल्या हवाई हत्तीवर बसून आग्र्याचा होड्यांचा पूल ओलांडणाऱ्या अकबराचं चित्र पाहिलं की हमजा आठवल्याशिवाय राहत नाही. घटना १५६१ ची, खरी आहे. सांगण्याची पद्धत दंतकथेची आहे.

ही चित्र दाखवून सांगण्याची पद्धत आपल्याकडे कोकणात आजही आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदी चित्रांच्या पोथ्या लावतात, एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आणि मूळ संहितेत न सापडणारी आख्यानं गातात. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे उलटलं की पुढचा प्रसंग. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आधार होता. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथातही चित्रकथकाचा उल्लेख येतो. पिंगुळीला गेलात तर प्रयोग बघा, नुसती चित्रं विकत घेऊन येऊ नका. गाणं सुरू झालं की स्थिर वाटणाऱ्या त्या टपोऱ्या डोळ्यांच्या आकृती कशासाठी तशा काढल्या आहेत हे कळतं: त्या लांबून, दिव्याच्या उजेडात, आवाजाबरोबर वाचायच्या आहेत. तारीफही दरबारात मोठ्याने वाचली जात असणार, आणि पानं हातोहात फिरत असणार. आपण ती काचेपलीकडे, एकेकटी पाहतो.

एकेकटी पाहण्याचं दुःख मोठं आहे. इराणच्या शाह तहमास्पच्या ‘शाहनाम्या’त २५८ चित्रं होती. चारशे वर्षं ते एकसंध राहिलं, आणि विसाव्या शतकात एका अमेरिकन धनिकाच्या हाती आल्यावर पानं सुटी करून विकली गेली. उरलेला भाग, ११८ चित्रांसह, १९९४ साली इराणने एका आधुनिक अमेरिकन चित्राच्या बदल्यात परत घेतला. जी पानं जगभर विखुरली, ती सुंदर चित्रं म्हणून भिंतींवर आहेत. त्यांच्या मागचं-पुढचं पान शोधायला अभ्यासकाला चार देश फिरावे लागतात. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची बहुतेक चित्रं एका जागी, काव्यासकट, महाराष्ट्रात आहेत ही किती मोठी गोष्ट आहे हे नगरच्या वाचकांना कळलं पाहिजे.

तुमच्या पुस्तिकेपुरतं सांगायचं तर चित्र जरूर छापा, पण मंडळाकडून रीतसर परवानगी आणि चांगलं छायाचित्र घेऊन. शिरच्छेदाचा भाग कापून मोठा करू नका. मजकुराची चौकट आणि समास यांसह अख्खं पान द्या, मुखपृष्ठावर नको, आत, लढाईच्या प्रकरणात. समोरच्या पानावर राणीची आकृती पुसलेलं एखादं दरबाराचं चित्र ठेवा. खाली ओळ अशी असू द्या: ‘रामरायाचा शिरच्छेद. तारीफ-ए-हुसेनशाही, अहमदनगर, सुमारे १५६५–६९. निजामशाही दरबारासाठी काढलेले चित्र. भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे.’ आणि दुसऱ्या चित्राखाली: ‘हुसेन निजामशाह. शेजारची खुंझा हुमायूनची आकृती नंतर पुसलेली.’